चेसिसला खालून जाड पट्टी मारू का?

प्रश्न : मुंबईहून १९६७ सालची ट्रायंफ स्पिटफायर ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्सकार आणली आहे. दाराखालची दोन्ही सिल गंजून चाळण झाली आहेत. एका कोपऱ्याला जॅक लावला की उघडलेलं दार परत बसत नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, खालून पाच मिलिमीटरची सलग पट्टी मारू, मग आयुष्यभर बघायला नको. मारू का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नका मारू. दुखणं कुठे आहे ते तुमच्या दारानेच सांगितलं आहे, आणि ते चेसिसच्या खाली नाही.

स्पिटफायर १९६२ साली आली, आणि तिची चेसिस ट्रायंफच्याच हेराल्ड गाडीची. तीच हेराल्ड, जी आपल्याकडे मद्रासला स्टँडर्डच्या नावाने बनायची. स्पिटफायरसाठी ती चेसिस आखूड केली आणि बाजूचे बाहेरचे रूळ, म्हणजे लांबीला जाणारे लोखंडी दांडे, काढून टाकले. राहिला तो मधला कणा. त्या रुळांचं काम बॉडीच्या सिलवर आलं. वर छत नाही, म्हणजे दाराच्या जागी गाडीला धरून ठेवणारं सिलशिवाय फारसं काही उरत नाही. शिवाय मागच्या चाकांचे रेडियस आर्म, म्हणजे चाकांना पुढे-मागे सरकू न देणारे दांडे, चेसिसला नाही, सीटमागे बॉडीला बोल्ट केलेले असतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा मागची चाकं बॉडीलाच ढकलतात. हे लक्षात न घेता लोक कणा जाड करत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅलेंडर येतं ती पुठ्ठ्याची नळी घ्या. दोन्ही हातांनी पिळून बघा, हलणार नाही. आता ब्लेडने तिला लांबीभर एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच, पण ताकद गेली. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी नळीला अशी चीर पडली तर पीळ सोसण्याची तिची ताठरता चारशे पटींहून जास्त घटते. गंजलेलं सिल म्हणजे चिरलेली नळी. खालून मारलेली सपाट पट्टी वाकण्याला थोडी अडवेल. पीळ मात्र बंद पेटीच अडवते. आणि जाड पट्टी पातळ पत्र्यावर जिथे एकदम संपते, तिथेच पुढे तडा जातो.

म्हणून पेटी बंद करा. सिलमध्ये तीन थर असतात : आतला, बाहेरचा आणि मधला मजबुतीचा पत्रा. हा मधला दिसत नाही म्हणून गाळला जातो. तो गाळू देऊ नका, समोर उभं राहून बसवून घ्या.

सातपूरच्या शेडमध्ये एका स्पिटफायरची दोन्ही सिल मी एकाच दिवशी कापली होती. आधार नव्हता. संध्याकाळी दार आठ मिलिमीटर खाली बसलं होतं. ती गाडी सरळ करायला मला तीन आठवडे लागले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पेट्रोलची टाकी आधी काढून शेडबाहेर. बॅटरीची तार सुटी. बॉडी चेसिसवर बोल्ट केलेलीच ठेवायची, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी. मग दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, चौकोनी पाइपचे दोन आडवे आधार टॅक करायचे, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते चिकटवायचे, आणि ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून दोन्ही कर्ण मोजायचे. त्यानंतरच ग्राइंडर, आणि तोही एका वेळी एकाच बाजूला.

पत्रा सातपूर-अंबडच्या प्रेसशॉपमधून सीआरसीएचा, म्हणजे थंड लाटलेल्या साध्या पोलादाचा, घ्या. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंग करताना जस्ताच्या धुराने ताप येतो. जाडी अंदाजाने ठरवू नका, शाबूत जागी व्हर्नियर लावून बघा आणि तेवढीच घ्या. मिग वेल्डिंगने इंचभर टाका मारायचा, मग दूर दुसरीकडे, पहिला हाताला गार लागेपर्यंत तिथे परत जायचं नाही. दर चार-पाच टाक्यांनी दार लावून बघा. फट बदलली तर थांबा.

चेसिसवर जोड द्यायचाच असेल तर फक्त आऊटरिगरच्या (कण्यातून बाजूला निघणाऱ्या आडव्या हातांच्या) मुळाशी आणि मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बैठकीजवळ, तेही गंज पूर्ण कापून. पट्टीची टोकं माशाच्या उघड्या तोंडासारखी, मधे खाच देऊन निमुळती कापा. गंजावर पट्टी मारली की आत पाणी राहतं, आणि नाशिकचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहीत आहेच.

सिलच्या खालची निचऱ्याची भोकं बुजवू नका. रंग झाल्यावर त्यांतूनच आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं मेण) फवारा. मग आधार कापा, त्याच कोपऱ्याला जॅक लावा आणि दार उघडून बंद करा. जॅकवर असतानाही ते बिनतक्रार लागलं, तर पाच मिलिमीटरच्या पट्टीचे पैसे टायरला वापरा.