सर, सलग चोवीस तास नकोत, चार शनिवार घ्या

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिप्लोमा आणि बीसीएच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची साठ-सत्तर मुलं, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चोवीस तासांची मोबाइल ॲप स्पर्धा, पहिल्या नंबराला पन्नास हजार, परीक्षक पुण्याहून आणि ॲप प्ले स्टोअरवर चढवायची अट. यात नियम आणि गुण कसे ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात अशा तीन स्पर्धांच्या आयोजनात मी होते आणि त्यातली पहिली तुमच्यासारखीच चोवीस तासांची होती. म्हणून गुणांकडे नंतर येते. आधी ते चोवीस तास काढून टाका.

त्या रात्री काय झालं ते ऐका. बहुतेकांचे लॅपटॉप चार जीबी रॅमचे होते, काहींचे तर मोठ्या भावाचे. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, आमच्यासमोरच डाउनलोड करायला घेतला. त्यावर एसडीके हा अँड्रॉइडच्या साधनांचा संच, आणि पहिल्यांदा कोडचं ॲप बनवताना (बिल्ड) ग्रेडल नावाचं साधन नेटवरून लायब्ररी, म्हणजे तयार कोड, ओढतं ते वेगळंच. सगळ्यांना मिळून एकच वायफाय. रात्री अकरा वाजले तरी निम्म्या टेबलांवर नुसती पट्टी सरकत होती. सकाळी ज्यांची ॲप्स चालली ती सगळी आधीपासून कोडिंग येणारी मुलं. ज्यांच्यासाठी स्पर्धा ठेवली होती ती मुलं आपल्याला हे जमत नाही असं समजून घरी गेली. खरं तर त्यांना कोडपर्यंत पोहोचूच दिलं नव्हतं. ते मला आजही टोचतं.

दुसरं म्हणजे मुली. रात्रभर थांबायचं म्हटल्यावर नाव नोंदवलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी आल्याच नाहीत, आणि आल्या त्यांना आठ वाजता घरून फोन. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांचंही तसंच. चार शनिवार, सकाळी दहा ते पाच असं ठेवलं तेव्हा मुलींचे संघ आपोआप वाढले. त्यासाठी वेगळी योजना करावी लागली नाही.

तारखेचं बोलायचं तर जानेवारीचा दुसरा आठवडा सोलापुरात कुठल्याच स्पर्धेला देऊ नका. सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक. निम्मी मुलं तिथे असणार आणि असायलाच हवीत. संक्रांत उलटून गड्डा, म्हणजे या यात्रेची जत्रा, जरा ओसरला की जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी सुरू करा. फेब्रुवारीत संपेल, परीक्षांच्या आत आणि उन्हाच्याही आत.

पहिला शनिवार फक्त इन्स्टॉल करण्याचा. त्या दिवशी स्पर्धा नाही, गुण नाहीत, कल्पना मांडणं नाही. सगळी सॉफ्टवेअर आधीच चार-पाच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, लावूच देऊ नका, चार जीबीचा लॅपटॉप त्याने मान टाकतो. मुलांचा स्वतःचा फोन केबलने जोडायचा. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथून यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे लॅपटॉपवरचं ॲप केबलने फोनवर चालवता येतं. संध्याकाळी पाचला प्रत्येक संघाच्या फोनवर एक बटण दिसलं पाहिजे आणि ते दाबल्यावर मुलाचं स्वतःचं नाव उमटलं पाहिजे. एवढंच उद्दिष्ट. पहिल्यांदा ते नाव उमटताना मुलांचे चेहरे बघा, पुढचे तीन आठवडे मुलं का येतात ते कळेल.

ज्यांनी कोड कधी लिहिलाच नाही त्यांना ॲप इन्व्हेंटर द्या. गुगलने २०१० मध्ये आणलं, आता एमआयटीकडे आहे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. ठोकळे जोडून ॲप बनवायचं आणि फोनवरच्या कंपॅनियन ॲपने क्यूआर स्कॅन केला की तिथल्या तिथे चालवून बघायचं. ‘हे तर लहान मुलांचं’ असं काही प्राध्यापक म्हणतील. ऐकू नका. अट, लूप, यादी, माहिती साठवणं हे सगळं त्यात करावंच लागतं. एक अडचण मात्र हमखास येते. कंपॅनियनसाठी फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर लागतात, आणि बऱ्याच कॉलेजांच्या वायफायवर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय केलेली असते. मुलं तासभर क्यूआर स्कॅन करत बसतात. सरळ एकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. कोटलिन किंवा फ्लटर, म्हणजे कोड लिहून ॲप बनवायची साधनं, येणाऱ्यांचा गट वेगळा ठेवा आणि बक्षिसंही वेगळी. दोघांना एका पंक्तीत बसवलं की ठोकळेवाले पहिल्याच दिवशी मनातून हरतात.

आता विषय. ‘समाजोपयोगी ॲप’ असं मोकळं सोडलंत तर अर्धे संघ ‘पाणी कधी येणार’ घेऊन येतील. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे मुलांना तेच सुचणार आणि त्यांचं खरंच आहे. पण त्यांना एकच प्रश्न विचारा, की रोजची माहिती भरणार कोण? दुसऱ्या वर्षी एका संघाने याचं उत्तर शोधलं. त्यांनी शहराचा नाद सोडला आणि फक्त स्वतःच्या गल्लीपुरतं ॲप केलं. पाणी आलं की एका काकूंनी बटण दाबायचं, मागच्या खेपा पाहून पुढचा अंदाज दाखवायचा. नकाशा नाही, नोटिफिकेशन नाही. पण काकू खरोखर बटण दाबत होत्या.

म्हणून आमचा पहिला नियम असा झाला: प्रत्येक संघाने कॉलेजबाहेरची एक खरी व्यक्ती निवडायची, जी हे ॲप वापरणार आहे. चार आठवड्यांत तिला तीनदा भेटायचं आणि प्रत्येक भेटीत ती कुठे अडखळली ते वहीत लिहायचं. या एका नियमाने जेवढं शिकवलं तेवढं आमच्या कुठल्याही व्याख्यानाने शिकवलं नाही. एका मुलीची आई विड्या वळते. मजुरी हजारी विडीवर. पानं-तंबाखू कारखान्याकडून येतात, वळलेल्या विड्या तपासताना काही खराब म्हणून बाजूला काढतात. आज किती दिल्या, किती काढल्या, किती पैसे यायचे, हा हिशेब आई भिंतीवर खडूने लिहायची. मुलीच्या संघाने त्याचं ॲप केलं. पहिल्या भेटीत आईने फोन हातात घेतला आणि तसाच परत दिला. घरी तेलुगू बोलतात, आणि ॲपमधलं जड मराठी त्यांना वाचता येईना. मग पोरींनी शब्द काढले, आकडे अंगठ्याएवढे केले, खराब विड्यांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग दिला. तिसऱ्या भेटीला आईने स्वतः आकडा टाकला. परीक्षकांसमोर ती वही वाचताना त्या मुलीचा आवाज कापत होता.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका चौकात ऐकू येतात. तेव्हा पडद्यावरचे शब्द कोडमध्ये विखरून न टाकता स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये वेगळे ठेवायची सवय पहिल्यापासून लावा. भाषा वाढवायची तर मग फक्त दुसरी फाइल जोडावी लागते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यात मांडणी कशी उलटते हे एकदा दाखवाच, मुलांना फार मजा वाटते.

दुसरा नियम ऐकून सगळे दचकतात, पण तो सोडू नका: लॉगिन पेज ठेवायला बंदी. नवशिकं मूल सगळ्यात आधी स्प्लॅश स्क्रीन (ॲप उघडताना क्षणभर दिसणारा पडदा) आणि लॉगिन बनवतं, कारण यूट्यूबवर तेच आधी सापडतं. दोन आठवडे पासवर्डमध्ये जातात आणि आत काही नसतं. जास्तीत जास्त तीन स्क्रीन, लॉगिन नाही, नेट बंद असलं तरी चाललं पाहिजे आणि माहिती फोनमध्येच राहिली पाहिजे. याचा आणखी एक फायदा आहे. लोकांचे मोबाइल नंबर, आधार वगैरे गोळा करायचा प्रश्नच येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि त्यात अठराच्या आतल्यांना मूल धरलंय. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची पोरं सोळा-सतरा वर्षांचीच असतात, त्यामुळे सहभागासाठी आणि फोटोंसाठी पालकांची सही नोंदणीच्या वेळीच घ्या.

प्ले स्टोअरची अट काढाच. खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात आणि वय अठरा पूर्ण असावं लागतं. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या वीस होती. तुमच्या वेळापत्रकात हे बसूच शकत नाही. स्पर्धेपुरती एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, थेट फोनवर टाकली की पुरे. स्पर्धेनंतर ज्यांना पुढे जायचंय त्यांचे पंचवीस डॉलर तुम्ही भरा, आणि बारा जण म्हणजे बाकीच्या संघांची मुलं आहेतच.

गुण आम्ही असे ठेवले: परीक्षकाच्या साध्या फोनवर ॲप न अडता चाललं तर ४०, वहीतल्या तीन भेटी आणि त्यानुसार केलेले बदल यांना २५, समोर बसून केलेल्या बदलाला (तो काय ते पुढे सांगते) २५, बोलण्याला १०. स्लाइड्स नाहीत. परीक्षकाचा फोन मुद्दाम जुना घ्या, त्यात अक्षरं मोठी करून ठेवा आणि फ्लाइट मोड लावा. आकडे अर्धे भरून झाले की फोन आडवा करा. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला की सहसा तो पडदा नव्याने तयार होतो, आणि ती काळजी घेतली नसेल तर भरलेलं सगळं जातं. ‘माझ्या मोबाइलवर चालतंय की मॅडम’ हे वाक्य त्या दिवशी पुष्कळ ऐकू येईल. त्यासाठी तिसऱ्या शनिवारी हीच परीक्षा एकदा विनागुण घ्या, म्हणजे सुधारायला आठवडा मिळतो.

समोर बसून बदल करणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं. चिठ्ठी उचलायची, पंधरा मिनिटांत छोटा बदल करून दाखवायचा. नोंद पुसण्याआधी ‘नक्की का?’ असं विचारा, किंवा महिन्याची बेरीज दाखवा, एवढाच. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, यूट्यूबवरचा कोड जसाच्या तसा उचलता येतो, आता एआय मागाल ते लिहून देतं. हे शोधत बसण्यात परीक्षकांचा वेळ घालवू नका आणि एआयवर बंदीही घालू नका, ती पाळली जाणार नाही. ज्याला आपला कोड कळलाय तो पंधरा मिनिटांत वाट काढतो, भले बदल अर्धाच होवो. आम्ही अर्ध्या बदलालाही चांगले गुण दिले, कारण चूक कुठे आहे हे त्या मुलाने बोट ठेवून सांगितलं होतं.

परीक्षक पुण्याहूनच हवेत असं नाही. एक काम करणारा डेव्हलपर, एक शिक्षक आणि एक वापरणारी व्यक्ती, म्हणजे एखादा दुकानदार किंवा आशाताई. पुण्यात नोकरी करणारे आपले सोलापूरचे डेव्हलपर भरपूर आहेत. त्यांना शेवटच्या दिवशी हारतुऱ्यासाठी बोलवण्यापेक्षा दर बुधवारी संध्याकाळी तासभर व्हिडिओ कॉलवर अडचणी सोडवायला बसवा. गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारच्या मधे होते. तेव्हा मेसेजवर भागवू नका, प्रत्येक संघाला फोन करा. त्याच बुधवारी प्रोजेक्टची प्रतही जमा करून घ्या. एका संघाचा लॅपटॉप शेवटच्या आठवड्यात बंद पडला आणि त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. तेव्हा आम्ही हे करत नव्हतो.

पन्नास हजार एकालाच देऊ नका. दोन गटांत पाच-पाच हजारांची तीन-तीन बक्षिसं द्या. उरलेल्या वीस हजारांत चार शनिवारचं जेवण, पेन ड्राइव्ह, दोन जुने फोन आणि प्ले स्टोअरची फी बसवता येईल. प्रायोजक घेतलात तर एक गोष्ट आधी कागदावर आणा: ॲपचा आणि कोडचा हक्क मुलांचाच. आमच्या एका प्रायोजकाने नोंदणी अर्जात बारीक अक्षरात सगळी ॲप्स आपल्या मालकीची करून घेतली होती. एका पालकांनी वाचून दाखवलं तेव्हा आम्हाला कळलं. अर्ज परत छापले आणि तो प्रायोजक सोडला.

पहिल्या वर्षी वीस संघांच्या वर जाऊ नका आणि तीन संघांमागे एक मदतनीस ठेवा. तुमच्या शेवटच्या वर्षाची मुलं त्यासाठी उत्तम. तारीख ठरली की कळवा सर. पहिल्या शनिवारी पेन ड्राइव्ह आणि केबली घेऊन मी सकाळी नऊलाच येते.