घरचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड रात्रभर वैज्ञानिक संशोधनाची गणितं करायला लावलं तर बिल किती येईल? कार्ड खराब होतं का?

लावा की. आरटीएक्स 3060 नुसतं गेमसाठी पडून राहण्यापेक्षा बरं.

आधी बिल, कारण घरातून पहिला सवाल तोच येतो. हे कार्ड पूर्ण जोरात 170 वॅट खातं, बाकी पीसी धरून साधारण 250. रात्री 8 तास म्हणजे 2 युनिट, महिन्याला 60. मेख आहे स्लॅबमध्ये. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांवर गेलं की चांगलाच चढतो. तुमचा वापर 90-95 ला थांबत असेल, तर हे जवळपास सगळे युनिट महागाच्या स्लॅबात पडणार. म्हणून मी आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) 70 टक्क्यांवर ओढून ठेवलंय. कार्ड 120 वॅटच्या आत राहतं आणि काम त्या मानानं फारसं घटत नाही. शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच सगळ्यात जास्त वीज जळते.

कार्ड बिघडतं ते चालवून कमी, उकाड्यानं आणि धुळीनं जास्त. विश्रामबागेत माझी खोली गच्चीखाली आहे, मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एप्रिल-मे सरळ सुट्टी. एरवी पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर दिसला की ब्लोअर मारायचा.

लाईट गेली तर? बॉइंक, म्हणजे संशोधनाचं काम घरच्या पीसीवर आणून चालवणारं सॉफ्टवेअर, मधूनमधून काम सेव्ह करतं, लाईट आली की तिथून पुढं चालू.

प्रोजेक्ट मात्र कार्ड बघून निवडा. ऊसतोडीच्या टोळीसारखं आहे हे: कार्डातले हजारो कोअर (गणित करणारे छोटे भाग) एकाच वेळी एकच हालचाल करतात, म्हणून प्रोटीनचे अणू हलवून बघणारं फोल्डिंग ॲट होम यावर पळतं. पण डबल प्रिसिजनची, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक लागणारी गणितं असली की हेच कार्ड बसतं. तिथं त्याचा वेग साध्या गणिताच्या 64 व्या हिश्श्यावर येतो. मला स्वतःला पल्सार (वेगानं फिरणारे मृत ताऱ्यांचे अवशेष) शोधणारा आइन्स्टाइन ॲट होम प्रोजेक्ट आवडतो. खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, तसल्याच पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून 2010 मध्ये त्यांना एक नवा पल्सार सापडला, तोही अमेरिका आणि जर्मनीतल्या साध्या लोकांच्या घरच्या पीसींवर.

पैसे मिळत नाहीत, नुसते क्रेडिट पॉइंट. कुणी 'कमाई होते' म्हणून लिंक पाठवली तर ते मायनिंग (क्रिप्टो नाण्यांसाठी कार्ड राबवणं) असणार, हात लावू नका.