'थर' गावंढळ आणि 'स्तर' सभ्य?

नागपूरहून भूविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: तेलाच्या दोन विहिरींमधले खडकांचे थर एकमेकांशी जुळवून पाहतात, त्याला मराठीत 'सहसंबंध' म्हणायचं का? आणि प्रकल्पात 'थर' लिहिलं होतं, ते मार्गदर्शकांनी लाल शाईने खोडून 'स्तर' केलं, ते बरोबर का?

दुसऱ्या प्रश्नाने माझं डोकं फिरलंय, म्हणून पहिला आधी उरकतो.

'सहसंबंध' नको. तो संख्याशास्त्राचा शब्द. उंचीबरोबर वजन वाढतं, हा सहसंबंध. त्याने उंची आणि वजन एक होत नाहीत. तेलवाले दोन विहिरींचे लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार काढलेल्या मोजमापांच्या रेघा, शेजारी शेजारी टांगतात तेव्हा त्यांचा दावा याहून फार मोठा असतो. या विहिरीत लागलेला चुनखडक आणि पाच किलोमीटरवरच्या विहिरीत जरा खोल लागलेला चुनखडक एकच आहे, असं त्यांना म्हणायचं असतं. शेलमध्ये, म्हणजे दबून खडक झालेल्या चिकणमातीत, गॅमा किरण सोडणारं पोटॅशियम-थोरियम जास्त, म्हणून गॅमा किरणांची रेघ उजवीकडे सरकते. स्वच्छ वाळूत, चुनखडकात डावीकडे येते. त्या रेघेची वळणं जुळवायची. पत्रिका जुळवण्यासारखंच काम आहे, आणि छत्तीस गुण जुळूनही फसायला होतं तेही तसंच, कारण एक शेल दुसऱ्या शेलसारखाच दिसतो. मध्ये ज्वालामुखीच्या राखेचा बोटभर पट्टा सापडला तर मात्र सोनंच, कारण ती राख सगळीकडे एकाच सुमारास पडलेली असते. तेव्हा 'थरजुळणी' लिहा. पण खडक जुळवताय की काळ, तेही लिहा. समुद्र हळूहळू जमिनीवर चढत गेला की किनाऱ्याची वाळू एका टोकाला जुनी आणि दुसऱ्या टोकाला लाखो वर्षांनी लहान असते. खडक तोच, वय वेगळं.

आता ती लाल शाई.

'थर' हा 'स्तर'चा अडाणी भाऊ नाही, पोटचा मुलगा आहे. संस्कृतातला 'स्त' मराठीत येईपर्यंत 'थ' होतो: स्तन-थान, मस्तक-माथा, पुस्तक-पोथी. मार्गदर्शक 'पोथी' खोडतात का? मूळ धातू 'स्तृ', म्हणजे पसरणे. याच धातूला 'आ' लागून आस्तरण, आणि त्याचं आपलं अंथरूण. रोज रात्री आपण सगळे एकेक थर घालूनच झोपतो! (पांघरूण मात्र या घरातलं नाही, ते 'प्रावरण'. जोडीने वापरतात म्हणून सख्खं समजू नये.) कोटाच्या आतलं अस्तर आणि प्रवासातला बिस्तरा फारसीतून आले, पण तेही याच धातूचे. लॅटिनचा 'स्ट्रॅटम'सुद्धा. इंग्रजी पुस्तकातला जो शब्द भाषांतरायला तुमचे मार्गदर्शक धडपडताहेत, तो मुळात 'अंथरलेलं' एवढंच सांगतो.

आणि आता माझी लाडकी गोष्ट. 'प्रस्तर' म्हणजे आधी यज्ञात अंथरलेलं दर्भाचं गवत. पुढे तोच शब्द सपाट शिळेला लागला, मग कुठल्याही दगडाला. प्राकृतात पत्थर, आपल्याकडे फत्तर आणि पाथरवटातला पाथर. 'फत्तर' ऐकला की काही विद्वानांना लगेच फारसीचा वास येतो. त्यांनी नाक तपासून घ्यावं. विचार करा, गवत अंथरण्याच्या शब्दाने आपल्या पूर्वजांनी खडकाला नाव दिलं! गाळ मुळात आडवाच पसरतो हे डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडलं. पाथरवटाला ते छिन्नीखाली ठाऊक असणार, दगड थराच्या अंगाने फोडला तर सरळ फुटतो. माझं तर ठाम मत आहे की प्रस्तरचा अर्थ गवतावरून दगडावर सरकला तो अशा थराथराच्या वालुकाश्मामुळेच. आपल्या काळ्या बसाल्टमुळे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकामुळे, तो सरकला नसता. एका जुन्या सहकाऱ्याला हे पटत नाही. तो सपाट आसन, मग सपाट शिळा, असा सरळ रस्ता काढतो. काढू दे.

'स्तर'ला ही प्रतिष्ठा आली कुठून? 'जिल्हास्तरीय', 'शासन स्तरावर', 'उच्चस्तरीय बैठक'. या सगळ्या ठिकाणी मराठीत 'पातळी' होती. नागपुरात हिंदी उंबऱ्यापाशीच असल्यामुळे स्तर आधी आपल्याकडे शिरला आणि आता खडकातही घुसतोय. दहीहंडीला कुणी 'नऊ स्तर लागले' म्हणतं का?

बाकी जुळणी म्हणजे काय हे नागपूरकरांना बाहेर जाऊन शिकायला नको. कामठीच्या वालुकाश्मावरून 'कामठी' हे 'गोंडवन' या प्राचीन खडकमालेतल्या एका गटाचं नाव पडलं, आणि आज ओडिशातल्या तालचेरच्या खोऱ्यातही त्याच नावाचे खडक नकाशावर आहेत. गाव इथेच राहिलं, थर जुळवला म्हणून नाव तिकडे गेलं. हे उदाहरण प्रकल्पात घाला. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या एल-३ चुनखडकाचं सगळेच देतात.

मार्गदर्शक तरी अडलेच तर म्हणा, 'ठीक आहे सर, स्तर ठेवते.' फक्त घरी त्यांनी रात्री आस्तरण घालून झोपावं.