डॅशबोर्डखालचे शिंतोडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील अ‍ॅझारिया चेंबरलेन या तान्ह्या मुलीच्या मृत्यूवरचा एक माहितीपट नुकताच पाहिला. आईला जन्मठेप झाली आणि काही वर्षांनी तीच निर्दोष ठरली. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. साक्षीदार विसरतो, घाबरतो, प्रसंगी खोटेही बोलतो, पण प्रयोगशाळेला कोणाची बाजू नसते, असेच मुलांना सांगत आलो. मग रक्ताच्या चाचणीवर विश्वास ठेवणाऱ्या ज्यूरीचे चुकले तरी काय? आणि दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ उलटसुलट सांगू लागले, तर सामान्य माणसाने कोणाचे खरे मानायचे?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : ज्यांनी माहितीपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी हकिकत थोडक्यात सांगतो. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री लिंडी आणि मायकल चेंबरलेन हे दांपत्य दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची अ‍ॅझारिया यांच्यासह उलुरू येथे, म्हणजे तेव्हाच्या एअर्स रॉक या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी, तंबू ठोकून उतरले होते. लिंडीने बाळाला तंबूत निजवले आणि ती शेकोटीपाशी परतली. थोड्या वेळाने बाळाचा आवाज ऐकू आला म्हणून ती तंबूकडे गेली आणि ‘डिंगोने माझे बाळ नेले’ म्हणून तिने आकांत केला. डिंगो म्हणजे तिथला रानकुत्रा. बाळ सापडलेच नाही. आठवडाभराने खडकाच्या पायथ्याशी तिचे रक्ताळलेले कपडे मिळाले. फेब्रुवारी १९८१ मध्ये मृत्यूच्या पहिल्या न्यायिक चौकशीत आईचे म्हणणे मान्य झाले. पण कपडे लंडनच्या तज्ज्ञाकडे गेले, कुटुंबाची पिवळी टोराना गाडी ताब्यात घेऊन तपासली गेली, दुसरी चौकशी झाली आणि २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डार्विनच्या न्यायालयात ज्यूरीने लिंडीला खुनाबद्दल दोषी ठरवले.

या खटल्यात मृतदेह नव्हता, ठोस हेतू नव्हता आणि घटना पाहणारा कोणी नव्हता. उलट शेकोटीभोवती बसलेल्या, या कुटुंबाशी आधी काही ओळख नसलेल्या माणसांनी आईचीच हकिकत पुष्ट केली होती. त्यांच्यातल्या एका बाईने, लिंडी शेकोटीपाशी परतल्यानंतर, तंबूतून बाळाचे रडणे आपण ऐकल्याचे सांगितले होते. सरकार पक्षाचे म्हणणे असे, की त्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत आईने बाळाला गाडीत नेले, पुढच्या सीटवर बसून तिचा गळा चिरला, देह लपवला आणि मोठ्या मुलासाठी घेवड्याचा डबा हातात घेऊन ती शांतपणे परत आली. ही गोष्ट खरी मानायची तर शेकोटीपाशी बसलेल्या त्या बाईचे कान खोटे ठरवावे लागतात, आणि ते खोटे ठरवण्याचे सारे ओझे प्रयोगशाळेच्या अहवालांवर टाकलेले होते. म्हणून ते अहवाल एकेक करून पाहू.

सर्वांत जड पुरावा रक्ताचा होता. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात असते आणि पहिल्या काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. गाडीतल्या डागांत हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन सापडले, अशी साक्ष सरकारी प्रयोगशाळेतील जीवशास्त्रज्ञ जॉय कूल यांनी दिली. त्यासाठी अँटिसीरम वापरले होते. म्हणजे ठरावीक प्रथिनाशी गाठ पडली की जेलमध्ये रेषा उमटवणारे रसायन. न्यूकॅसल विद्यापीठाचे प्राध्यापक बॅरी बेचर यांनी बचाव पक्षातर्फे सांगितले, की हे अँटिसीरम प्रौढ रक्तालाही प्रतिसाद देते. शिवाय गाडी तपासली गेली तेव्हा घटनेला वर्ष उलटून गेले होते, मधल्या काळात तिने उत्तर ऑस्ट्रेलियाचे ऊन खाल्ले होते, आणि घटनेच्या आधीच्या वर्षी याच गाडीतून रस्त्यावरच्या अपघातातील एका रक्तबंबाळ माणसाला नेले होते.

आता डॅशबोर्डखाली वाका. तिथल्या पत्र्यावर बारीक थेंबांचा एक फवारा उडालेला होता आणि चिरलेल्या धमनीतून उडालेले बाळाचे रक्त म्हणून तो ज्यूरीला दाखवला गेला. पुढे त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाड्या उघडून पाहिल्या, तर त्यांतल्या काहींमध्ये त्याच ठिकाणी तसाच फवारा! गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यात मारतात त्या डांबरासारख्या लेपाचे ते शिंतोडे होते. चेंबरलेन कुटुंब माउंट आयझा या तांब्याच्या खाणींच्या गावी राहत असे, आणि रक्ताची प्राथमिक चाचणी तांब्याच्या धुळीनेही होकारार्थी येऊ शकते, हेही नंतर पुढे आले.

आपण विज्ञान शिकवलेत, म्हणून हे आपल्याला लगेच पटेल. निळा लिटमस लाल झाला म्हणजे द्रव आम्लधर्मी आहे एवढेच कळते. तो लिंबाचा रस आहे की चिंचेचे पाणी, हे लिटमस सांगत नाही. प्रयोगशाळेला बाजू नसते हे आपले म्हणणे मला मान्य आहे, पण तिला जेवढे विचारले जाते तेवढेच ती सांगते. इथे ‘हे बाळाचे रक्त असू शकते का’ एवढेच तिला विचारले गेले. ‘असाच निकाल आणखी कशाने येतो’ हे विचारायला एखादी दुसरी टोराना उघडायची होती, आणि ते काम खटल्यापूर्वी कोणी केले नाही.

कपड्यांचेही तसेच झाले. लंडनचे न्यायवैद्यक तज्ज्ञ जेम्स कॅमेरून यांना बाळाच्या जंपसूटवर अतिनील प्रकाशात एका लहानखुऱ्या प्रौढ व्यक्तीच्या रक्ताळ हाताचा ठसा दिसला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे तज्ज्ञांनी तपासले तेव्हा, रक्त समजलेल्या त्या डागांचा बराचसा भाग तिथली लाल वाळू असल्याचे आढळले. कापडाच्या फाटलेल्या कडेला सुटलेले बारीक गोळे कात्रीनेच निघतात, असे एका वस्त्रतज्ज्ञाने ठामपणे सांगितले होते. पुढच्या चाचण्यांत ते कुत्र्याच्या दातांनीही निघाले. जंपसूटवर डिंगोची लाळ नाही हा मुद्दा फार जड गेला होता. बाळाच्या अंगात वरून विणलेले जॅकेट होते, म्हणजे लाळ जंपसूटऐवजी त्याला लागली असणार, हे आई पहिल्यापासून सांगत होती आणि ते जॅकेट तिच्या कल्पनेतले मानले जात होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये खडकावरून पडून मेलेल्या एका इंग्रज पर्यटकाचे अवशेष शोधताना वाळूत अर्धे पुरलेले ते पांढरे, फिकट पिवळ्या काठाचे जॅकेट मिळाले. काही दिवसांतच लिंडीला सोडण्यात आले. तोवर ती तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती आणि तुरुंगवास सुरू झाल्यावर पुढच्याच महिन्यात तिने आणखी एका मुलीला जन्म दिला होता.

न्यायमूर्ती ट्रेव्हर मॉर्लिंग यांच्या आयोगाने १९८७ मध्ये अहवाल दिला. आपल्यापुढे आलेला पुरावा खटल्यात आला असता, तर आरोपींना निर्दोष सोडा असा निर्देश ज्यूरीला देणे न्यायाधीशांना भाग पडले असते, असे त्यांनी लिहिले. सप्टेंबर १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि जून २०१२ मध्ये चौथ्या चौकशीअंती मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोची नोंद झाली.

तेव्हा कोणाचे खरे मानायचे? पदव्या मोजून ते ठरत नाही, कारण कॅमेरून यांच्या पदव्या कोणाहून कमी नव्हत्या. मी स्वतः प्रत्येक अहवाल वाचताना हा निकाल दुसऱ्या कशाने येऊ शकतो का, आणि ती शक्यता तपासून बाद केली की नुसती गृहीत धरून सोडून दिली, हे आधी पाहतो. नंतर जागेवर हजर असलेल्या माणसांची हकिकत अहवालाशेजारी ठेवतो. मॉर्लिंग आयोगाने तेच केले. तंबूबाहेरच्या पाऊलखुणा, काहीतरी वजन ओढत किंवा मध्येच खाली टेकवत गेलेल्या प्राण्याचा तिथल्या आदिवासींनी काढलेला माग, आणि कुटुंबाकडे कुत्रा नसताना तंबूत मिळालेले कुत्र्याचे किंवा डिंगोचे केस, या सगळ्यांना त्याने अहवालांच्या बरोबरीने पारड्यात घातले. ज्यूरीला मी फारसा दोष देत नाही. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही अपील तीन विरुद्ध दोन असेच फेटाळले गेले होते.

प्रश्न : मी बालरोग विभागात परिचारिका आहे. एक मूल अचानक दगावले तर समजू शकते. पण ऑस्ट्रेलियातल्याच कॅथलीन फोलबिग या आईची चार मुले गेली, आणि तिने डायरीत स्वतःलाच दोष दिलेला होता. एका घरात चारदा योगायोग कसा मानायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मनात पहिल्यांदा हेच येते, आणि याच विचाराने त्या बाईंना वीस वर्षे तुरुंगात ठेवले. म्हणून तो नीट उलगडायला हवा. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत फोलबिग यांची चार मुले गेली. मृत्यूच्या वेळी सर्वांत लहान मूल १९ दिवसांचे आणि सर्वांत मोठे दीड वर्षाचे होते. २००३ मध्ये त्या दोषी ठरल्या. गळा दाबल्याचा किंवा तोंड दाबल्याचा निर्णायक शारीरिक पुरावा कोणत्याही मुलाच्या बाबतीत नव्हता. एका मुलाला अपस्माराचे झटके येत होते आणि धाकट्या मुलीच्या हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचे शवविच्छेदनातच दिसले होते. तरी चार मृत्यू एकत्र ठेवले की प्रत्येकाची वेगळी कारणे फिकी वाटू लागतात.

इंग्लंडमध्ये दोन तान्ही बाळे गमावलेल्या सॅली क्लार्क या आईच्या १९९९ च्या खटल्यात हाच विचार आकड्यात मांडला गेला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी सांगितले, की अशा घरात एका बाळाच्या अचानक मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन बाळांची त्या आकड्याच्या वर्गाएवढी, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. दोन फासे वेगवेगळे पडतात म्हणून त्यांच्या शक्यता गुणता येतात. सख्ख्या भावंडांचे रक्त एक, घर एक, आईबापांकडून आलेले दोष एक; तिथे हा गुणाकार चालत नाही. शिवाय दोन बाळांचे नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ असले, तरी आईने स्वतःच्या दोन बाळांना मारणे हेही दुर्मीळच आहे, आणि तुलना या दोहोंमध्ये करायची असते. त्याच खटल्यात दुसऱ्या बाळाच्या शरीरात अनेक ठिकाणी स्टॅफिलोकोकस जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे होता आणि तो बचाव पक्षापर्यंत पोहोचला नव्हता. कल्चरचा एक कागद फाइलला लागला नाही तर वॉर्डात काय अनर्थ होतो, हे आपल्याला मी सांगायला नको. क्लार्क यांची शिक्षा जानेवारी २००३ मध्ये रद्द झाली आणि २००७ मध्ये त्या वारल्या. २००३ मध्येच तीन बाळे गमावलेल्या एका भारतीय वंशाच्या आईवर इंग्लंडमध्ये खटला चालला. तिची आजी भारतातून साक्षीला गेली आणि आपलीही पाच मुले तान्हेपणीच गेल्याचे तिने न्यायालयाला सांगितले. ती आई निर्दोष सुटली.

फोलबिग यांच्या बाबतीत उत्तर पुढे जनुकांतून आले. शास्त्रज्ञ कॅरोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आईत आणि दोन्ही मुलींत कॅल्मॉड्युलिन या प्रथिनाच्या एका जनुकात असा दुर्मीळ बदल आढळला, की ज्याने हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. न्यू साउथ वेल्स राज्याचे निवृत्त मुख्य न्यायाधीश टॉम बाथर्स्ट यांच्या चौकशीत डायऱ्याही मानसशास्त्रज्ञांनी आणि मनोविकारतज्ज्ञांनी वाचल्या. त्यांतली वाक्ये गुन्ह्याची कबुली म्हणून वाचता येत नाहीत असे ठरले. जून २०२३ मध्ये त्या सुटल्या आणि डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द झाली. ‘मीच काहीतरी कमी पडले’ हे वाक्य मूल गेलेल्या किती आयांच्या तोंडून आपण ऐकले असेल, हे आठवून पाहा. उलट लिंडी चेंबरलेन दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर रडली नाही, म्हणून लोकांनी तिला खुनी ठरवले. एकीने दोष घेतला म्हणून आणि दुसरीने अश्रू गाळले नाहीत म्हणून, दोघींचेही दुःख त्यांच्याविरुद्ध पुराव्यासारखे वापरले गेले. याची मला मनापासून चीड येते.

प्रश्न : आपल्याकडे असा पुरावा कसा तोलला गेला असता?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाची साक्ष हे मत असते, ते न्यायालयावर बंधनकारक नसते. १८७२ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्येही हेच होते. परिस्थितिजन्य पुराव्याचा मापदंड सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्यातल्या खटल्यात घालून दिला, आणि योगायोगाने तोही १९८४ चाच आहे. त्यातली पाच तत्त्वे आपल्याला पाठ असतीलच. मला त्यांतले चौथे महत्त्वाचे वाटते : आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी प्रत्येक संभाव्य उपपत्ती पुराव्याने वगळली गेली पाहिजे. टोरानातला फवारा या कसोटीवर टिकला नसता, पण कारखान्यातला लेप ही दुसरी उपपत्ती कोणी शोधून न्यायालयापुढे आणली असती तरच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे, त्यामुळे असे अहवाल आपल्या न्यायालयांत वाढतच जाणार. उलटतपासणीची तयारी करताना निष्कर्षाच्या पानाआधी मुद्देमालाच्या नोंदी काढा. नमुना कधी घेतला, सील कोणी लावले, तो किती दिवस कुठे पडून होता, चाचणीत किती खर्ची पडला आणि उरलेला भाग बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला मिळेल का, हे पाहा. बेचर यांना कूल यांच्या चाचणीतल्या रेषा स्वतः डोळ्यांनी पाहता आल्या नाहीत, कारण प्रयोगशाळेच्या रिवाजानुसार त्या पट्ट्या खटल्यापूर्वीच नष्ट केल्या होत्या.