वाचकांचे प्रश्न : ‘कार्पेथिया’चे कप्तान आर्थर रॉस्ट्रन

प्रश्न : वर्गात ‘टायटॅनिक’चा विषय निघाला तेव्हा कप्तान स्मिथ यांचे नाव मुलांना ठाऊक होते, परंतु वाचलेल्या लोकांना ज्या जहाजाने उचलून घेतले, त्याच्या कप्तानाचे नाव कोणालाच सांगता आले नाही. ते कोण होते आणि त्या रात्री त्यांनी नेमके काय केले? (एक शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : त्यांचे नाव आर्थर हेन्री रॉस्ट्रन. त्यांचा जन्म १४ मे १८६९ रोजी इंग्लंडमधील बोल्टनजवळच्या ॲस्टली ब्रिज येथे झाला. आपल्या अमळनेरप्रमाणे बोल्टनही कापडगिरण्यांसाठी ओळखले जाणारे गाव होते. लिव्हरपूलजवळ नांगरलेल्या ‘कॉनवे’ या प्रशिक्षण-जहाजावर त्यांनी लहान वयात धडे गिरवले, नंतर शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केली आणि १८९५ मध्ये ते क्युनार्ड कंपनीच्या ‘अंब्रिया’ जहाजावर चौथे अधिकारी म्हणून रुजू झाले. कप्तानपदापर्यंत पोहोचायला त्यांना पुढे बारा वर्षे लागली. जानेवारी १९१२ मध्ये ‘कार्पेथिया’ त्यांच्या ताब्यात आले. ते काही मिरवण्याजोगे जहाज नव्हते. न्यूयॉर्क आणि भूमध्य समुद्रातील बंदरे यांच्यामध्ये ते साधारण चौदा नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरच्या वेगाने ये-जा करी.

१४ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर बिनतारी यंत्रावरील हॅरल्ड कॉटम हा तरुण झोपण्याच्या तयारीत होता, पण कानावरचे यंत्र त्याने अजून उतरवले नव्हते. ‘टायटॅनिक’ची हाक त्यामुळेच त्याला ऐकू आली. तो एका अधिकाऱ्यासह थेट कप्तानांच्या खोलीत शिरला. नुकतेच अंथरुणाला पाठ टेकलेल्या रॉस्ट्रन यांनी आधी जहाज वळवण्याचा हुकूम दिला आणि त्यानंतर कॉटमला, बातमी पक्की आहे ना, असे विचारून घेतले. माझ्या मते या माणसाची सारी ओळख त्या क्रमात आहे. बातमी खोटी ठरली असती तर जहाज पुन्हा वळवता आले असते, पण वाया गेलेली मिनिटे कोणालाही परत आणता आली नसती.

अंतर ५८ सागरी मैलांचे होते, म्हणजे जळगाव-धुळे अंतराहून थोडे अधिक. या वाटेवर त्यांनी दिलेले हुकूम चौकशीत नोंदले गेले आहेत आणि ते सावकाश वाचण्यासारखे आहेत. जहाजावर इंग्रज, इटालियन आणि हंगेरियन असे तीन डॉक्टर होते. त्यांना अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या भोजनगृहात बसवण्यात आले. चहा, कॉफी आणि सूप गरम ठेवण्यात आले, दारांपाशी ब्लँकेटांच्या थप्प्या लावण्यात आल्या आणि बाजूचे दरवाजे उघडून तेथे विजेचे दिवे टांगण्यात आले. जखमींना वर ओढण्यासाठी दोरांना खुर्च्या बांधल्या गेल्या. लहान मुलांसाठी भट्टीतली राख उपसण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या काढून ठेवल्या गेल्या, कारण थंडीने बधिर झालेले मूल दोराची शिडी चढू शकणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते. पाणी खवळलेले असल्यास लाटा शांत व्हाव्यात म्हणून त्यावर ओतण्यासाठी तेलही तयार होते. पहाटे चारच्या सुमारास ‘कार्पेथिया’ तेथे पोहोचले आणि साडेआठपर्यंत शेवटच्या होडीतली माणसे वर आली. त्यांनी वाचवलेल्यांची संख्या ७०५ सांगितली. इतर याद्यांमध्ये ती थोडी अधिक आहे.

प्रश्न : मी भुसावळला वाफेच्या इंजिनांवर नोकरी केली. रॉस्ट्रन यांनी वाटेत केले तसे प्रवाशांचे गरम पाणी बंद केल्याने जहाजाचा वेग खरोखर वाढतो काय? आणि अंधारात, बर्फात एवढ्या वेगाने जाणे हा जुगार नव्हता काय? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : वाढतो, आणि त्याचे कारण आपण आम्हांपेक्षा चांगले जाणता. बॉयलरमध्ये तयार होणाऱ्या वाफेचा काही वाटा खोल्या उबदार ठेवण्यात आणि पाणी तापवण्यात खर्च होत असे. रॉस्ट्रन यांनी तो वाटा तोडून सगळी वाफ इंजिनांकडे वळवली आणि विश्रांतीवर असलेल्या फायरमन मंडळींना उठवून भट्ट्यांपुढे उभे केले. वेग सतरा नॉटपर्यंत गेला, असे तेव्हापासून सांगितले जाते. मात्र १९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडल्यावर त्या रात्री त्या जहाजाने कळवलेली जागा सुमारे तेरा मैलांनी चुकीची होती, असे दिसून आले. ‘कार्पेथिया’ला प्रत्यक्षात थोडे कमी अंतर कापावे लागले असावे आणि म्हणून तो आकडा जरा सैल हातानेच घ्यावा.

दुसरी शंका अगदी रास्त आहे. ‘कार्पेथिया’वर स्वतःचे सातशेहून अधिक प्रवासी होते. रॉस्ट्रन यांनी टेहळणीवरची माणसे वाढवली आणि स्वतः ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच मंचावर, उभे राहिले; पहिला हिमनग अधिकारी जेम्स बिसेट यांना दिसला तो केवळ त्यावर चमकलेल्या एका ताऱ्याच्या प्रकाशामुळे. अमेरिकी सिनेटच्या चौकशीत, एवढा बर्फ आहे हे आधी ठाऊक असते तर आपण तसे गेलो नसतो, अशी कबुली रॉस्ट्रन यांनी दिली. आपल्याकडे शौर्याच्या गोष्टी सांगताना अशी वाक्ये गाळली जातात. ती गाळू नयेत, असे आम्हांला मनापासून वाटते.

प्रश्न : या कामगिरीनंतर त्यांचे पुढे काय झाले? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : अमेरिकी काँग्रेसने त्यांना सुवर्णपदक दिले. १९१५ पासून, मधला काही काळ वगळता, पुढे अनेक वर्षे ते ‘मॉरिटानिया’चे कप्तान होते. हे जहाज १९०९ ते १९२९ या काळात अटलांटिक ओलांडणारे सर्वांत वेगवान जहाज होते आणि पहिल्या महायुद्धात त्याने सैनिक व जखमी यांची ने-आण केली. १९२६ मध्ये रॉस्ट्रन यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९२८ मध्ये ते क्युनार्डच्या ताफ्याचे कमोडोर, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ कप्तान, झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. ४ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. ‘कार्पेथिया’ मात्र जुलै १९१८ मध्येच जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले होते.

प्रश्न : माझ्या मुलाला कप्तान व्हायचे आहे. ‘कॉनवे’सारखी सोय आपल्याकडे आहे काय? (एक पालक, शिरपूर)

उत्तर : आहे. मुंबई बंदरात १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले, १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून ते काम नवी मुंबईतील ‘चाणक्य’ ही किनाऱ्यावरील संस्था करते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय हवेत आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दृष्टीची तपासणी कडक असते व रंगांधळेपण चालत नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच मुलाचे डोळे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत.