आटे जुळेनात

प्रश्न : दुकानाच्या बिलांसाठी सेकंडहँड रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर घेतला. बिलिंग सॉफ्टवेअरची लिनक्सची डेब फाइल (सॉफ्टवेअर टाकायचं पॅकेज) उतरवली, पण टाकताना ‘पॅकेज एएमडी६४, सिस्टिम एआरएम६४, जुळत नाही’ अशा अर्थाची ओळ येते. विकणारा म्हणतो, बोर्डच गेलाय. नवा घेऊ का?
– एक दुकानदार, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पैसे ठेवा खिशात, बोर्ड ठणठणीत आहे. उद्यमनगरात आबांच्या लेथवर मी एकदा एमएमचा बोल्ट इंची नटात पान्यानं रेटला होता. दीड फेरा गेला आणि आटे झडले. आबा एवढंच म्हणाले, “दोन्ही नवं होतं की रे!”

तुमच्या फाइलचे आटे इंटेल-एएमडीच्या पीसीचे आहेत. नावात एएमडी दिसलं म्हणून फसू नका. त्या जातीचा ६४ बिटी प्रोसेसर आधी एएमडीनं आणला, इंटेलनं नंतर तीच वाट धरली, म्हणून दोघांच्या पॅकेजला नाव तेच. तुमच्या पायचा प्रोसेसर एआरएम नावाच्या दुसऱ्या जातीचा, त्याला फाइलच्या नावात शेवटी एआरएम६४ हवं. ‘ऑल’, म्हणजे कुठल्याही जातीला चालणारं, असेल तरी चालतं.

एक मेख सांगतो, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय. पाय ४ वर ३२ बिटी सिस्टिम टाकली तरी आतला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६४ बिटी असू शकतो. मग कर्नलची जात सांगणारी ‘युनेम’ कमांड ‘एआर्क६४’ (६४ बिटी एआरएम) दाखवते, आणि पॅकेज मात्र एआरएमएचएफचंच, म्हणजे ३२ बिटीचंच लागतं. खरं उत्तर ‘डीपीकेजी’ला, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या कमांडला विचारावं. तुमच्या ओळीत एआरएम६४ आलंय, म्हणजे तुमच्या मेमरी कार्डावरची सिस्टिम ६४ बिटीच. घरात कुणी त्या कार्डावर सिस्टिम पुन्हा लिहिली तर मात्र हे आठवा.

आता सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून एवढंच विचारा : एआरएम६४ची डेब आहे का? नाही म्हणाले तर बॉक्स६४ नावाचा दुभाषी मिळतो, तो पीसीचे प्रोग्रॅम पायवर चालवतो. पण सगळेच चालत नाहीत, आणि वेगही मार खातो. दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबलेलं असताना हा प्रयोग मी तरी करणार नाही. त्यापेक्षा बिलांना जुना इंटेल डेस्कटॉप बघा.

पाय विकू नका. त्यावर ‘अ‍ॅप्ट’ या कमांडनं लिबरऑफिस, म्हणजे हिशेबाचे तक्ते करणारं सॉफ्टवेअर घाला, अ‍ॅप्ट आपल्या आट्याचंच पॅकेज शोधून आणतं. उधारीची वही आधी त्यात चढवा.