धूर थंड करणारा पाइप बनवता येतो. स्वच्छ करणारा का बनवता येत नाही?

आपण विचारले आहे की, वडील अनेक वर्षांपासून पाइप ओढतात, जीभ भाजते अशी त्यांची नेहमीची तक्रार असते, अलीकडे खोकलाही वाढला आहे. तेव्हा यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी या नात्याने धूर थंड आणि शुद्ध करणारा पाइप आपल्याला स्वतः तयार करता येईल का. हीट एक्स्चेंजर आणि औद्योगिक गाळण्या यांच्या अभिकल्पनाचे काम मी करत असल्यामुळे हा प्रश्न माझ्या परिचयाच्या प्रदेशात येतो, म्हणून सविस्तर लिहितो. धूर थंड करणे आणि धूर शुद्ध करणे ही दोन कामे आपण एका दमात मांडली आहेत, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती सर्वस्वी वेगळी आहेत. पहिले काम जमते, किंबहुना शंभर वर्षांपूर्वीच ते चांगले जमले आहे. दुसरे काम पाइपच्या आकाराच्या कोणत्याही वस्तूत जमत नाही, आणि वडिलांच्या खोकल्याचा संबंध या दुसऱ्या कामाशी आहे.

आधी उष्णतेचा हिशेब करू. पाइपचा एक झुरका साधारण ५० मिलिलिटरचा धरला, तर त्यातील हवेचे वस्तुमान जेमतेम ०.०६ ग्रॅम भरते. ही हवा ३०० अंश सेल्सिअसने थंड करायची म्हटली तरी तिच्यातून सुमारे १८ ज्यूल एवढीच उष्णता काढावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेने २० ग्रॅम वजनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे तापमान अवघे एक अंश वाढते. म्हणजे कोरडा वायू थंड करणे हे फार सोपे काम आहे. दहा-बारा सेंटिमीटरची साधी दांडीदेखील ते बऱ्यापैकी करते. मग जीभ का भाजते? कारण धुरात पाण्याची वाफ असते. तंबाखूत मुळातच ओलावा असतो, शिवाय सेल्युलोज जळताना पाणी तयार होते; एक ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळले तर सुमारे ०.५५ ग्रॅम पाणी निघते, त्यामुळे तंबाखू कितीही वाळवली तरी वाफ टळत नाही. या वाफेतील फक्त ५ मिलिग्रॅम पाणी जिभेवर येऊन द्रवरूप झाले, तर ११ ज्यूलच्या आसपास अप्रकट उष्णता (वाफेचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता) जिभेच्या एवढ्याशा भागावर सोडते. तात्पर्य, आपल्याला शीतक बनवायचा नसून संघनक बनवायचा आहे : वाफेचे पाणी जिभेवर न होता दांडीत झाले पाहिजे, आणि ते पाणी पुन्हा धुराच्या वाटेत येता कामा नये.

ही गोष्ट ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखली, तो माणूस योगायोगाने विमानविद्येचा प्राध्यापक होता. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवणारे फ्रेडरिक कर्स्टन हे आधी एका वेगळ्या प्रकारच्या प्रोपेलरवरील संशोधनासाठी ओळखले जात, आणि त्या विद्यापीठाच्या वातबोगद्याला (विंड टनेलला) आजही त्यांचे नाव आहे. १९३० च्या दशकात त्यांनी जो पाइप तयार केला, त्याची दांडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड, पोकळ नळी होती. गरम धूर या रुंद नळीत शिरला की त्याचा वेग मंदावतो, वाफ थंड भिंतीवर जमते, आणि ते तपकिरी, कडू पाणी नळीच्या तळाशी साचून राहते. ओढून झाल्यावर नळी उघडून पुसून घ्यायची. अभिकल्पनाचा नमुना म्हणून मला हा पाइप अतिशय आवडतो, कारण त्यात एकही भाग शोभेसाठी नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, डब्लिन येथील चार्ल्स पीटरसन यांनी तंबाखू भरायच्या वाटीच्या शेजारी लाकडातच एक छोटी विहीर कोरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. धूर त्या विहिरीवरून जाताना पाणी खाली पडते आणि धूर पुढे सरकतो. पुढे १८९८ मध्ये त्यांनी तोंडात धरायच्या टोकाचे छिद्र वरच्या बाजूस वळवले, जेणेकरून धूर थेट जिभेवर न आदळता टाळूकडे जावा. दक्षिण आफ्रिकेतील भोपळ्यापासून बनणाऱ्या कॅलाबॅश पाइपमध्ये वाटीखाली मोठी पोकळी राहते, तीही हेच काम करते. तुर्कस्तानातील एस्कीशेहिर भागात सापडणारे मीरशॉम हे खनिज सच्छिद्र असल्यामुळे ओलावा स्वतःच शोषून घेते. आपल्याकडे चिलमीच्या तळाशी खडा ठेवून तोंडाकडच्या टोकाला ओली छापी गुंडाळतात, तीही याच कुळातली युक्ती आहे : खडा निखारे अडवतो, आणि ओल्या कापडातले पाणी बाष्पीभवनाने उष्णता घेते.

आपण पाइप बनवणारच असाल, तर मी पुढील मार्ग सुचवेन. वाटी ब्रायरच्या लाकडाची किंवा भाजलेल्या मातीची ठेवावी. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या काठच्या एका झुडपाची मुळाजवळची गाठ. तिचे ठोकळे विकत मिळतात, आणि ते सहजासहजी जळत नाहीत. शिसवासारखी तेलकट लाकडे आणि वाटीच्या आतून पॉलिश किंवा रंग हे मात्र कटाक्षाने टाळावे. वाटीच्या पोकळीचा व्यास १८ ते २० मिलिमीटर आणि धुराच्या छिद्राचा व्यास ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, आणि ते छिद्र वाटीच्या अगदी तळाशी निघेल याची काळजी घ्यावी. ते वर निघाले तर खाली ओल्या तंबाखूचा थर न जळता राहतो. दांडी अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली नळी किंवा पीव्हीसी अजिबात वापरू नये. दांडीच्या आतला व्यास १० ते १२ मिलिमीटर असला म्हणजे धुराचा वेग पुरेसा कमी होतो. तोंडाकडील छिद्राचे टोक नळीच्या तळाला न टेकता मधोमध पुढे आलेले असावे, म्हणजे साचलेले पाणी ओढले जात नाही आणि गुडगुड होत नाही. नळी पूर्ण उघडता आली पाहिजे, कारण आत जमलेले कीट साफ करता येत नसेल तर चार दिवसांत हा पाइप साध्या पाइपहून वाईट लागतो.

चाचणी वडिलांना ओढायला लावून करू नये. ५० मिलिलिटरची सिरिंज जोडून, हवेशीर जागी, ठरावीक अंतराने धूर ओढावा. टोकाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवावे, आणि दांडीचे आधीचे व नंतरचे वजन करून किती पाणी अडले ते पाहावे. दांडीविना आणि दांडीसह असे दोन आकडे समोर आले की आपला संघनक किती काम करतो हे निर्विवाद कळते.

आता शुद्धीकरण. तंबाखूच्या धुराचे दोन भाग असतात : कण आणि वायू. टार आणि बहुतांश निकोटिन ज्या कणांत असते, ते कण प्रामुख्याने ०.१ ते १ मायक्रॉन या आकाराचे असतात, आणि गाळणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडणे सर्वांत कठीण असते. याहून मोठे कण आपल्या जडत्वामुळे तंतूंवर आदळतात, आणि याहून लहान कण इतस्ततः हलत तंतूंना चिकटतात. मधला आकार दोन्हींतून निसटतो. पाइपमध्ये घालण्याच्या कागदी गाळण्या, कॅनडातील ब्रिगहॅम पाइपमधील मेपलच्या लाकडाची नळी, जर्मनीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ९ मिलिमीटरच्या सक्रिय कोळशाच्या गाळण्या, या सर्व पाणी आणि काही प्रमाणात कण अडवतात, आणि कोळसा बेंझिनसारखी काही बाष्पेही धरून ठेवतो. मात्र कार्बन मोनॉक्साइडचा उत्कलनांक उणे १९१ अंश असल्यामुळे सामान्य तापमानाला कोळसा त्याला जवळजवळ धरतच नाही.

कणांना खरोखर अडवणारी गाळणी अस्तित्वात नाही असे मात्र नाही. सिगारेटची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत धूर काचतंतूंच्या केंब्रिज गाळणीतून ओढतात, आणि ती ०.३ मायक्रॉन व त्याहून मोठे जवळजवळ सर्व कण अडवते. मग ती पाइपमध्ये का बसवू नये? कारण कणांबरोबर निकोटिनही तिथेच राहते आणि चवही. ओढणाऱ्याच्या तोंडात येतो तो बेचव वायू, ज्यात कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा असतो. तंबाखूचा धूर इतका स्वच्छ केला की त्यात ओढण्यासारखे काही उरत नाही, आणि जो भाग त्यानंतरही उरतो तो विषारी असतो. हीच अडचण मला या संपूर्ण प्रश्नाचे मर्म वाटते : जे हवे आहे आणि जे नको आहे ते एकाच कणात एकत्र बसलेले आहे, त्यामुळे कोणतीही यांत्रिक गाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही. शिवाय नायट्रोसअमाइन या वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये पानातच, ते वाळवताना आणि मुरवताना तयार होतात, त्यामुळे ज्वलन सुधारूनही त्यांच्यापासून सुटका होत नाही.

कार्बन मोनॉक्साइडसाठी आपल्या मनात हॉपकॅलाइट येईल. मँगनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण श्वसन-मुखवट्यांत वापरतात, पण ओलावा लागताच ते निकामी होत जाते, आणि पाइपचा धूर तर ओलाव्याने भरलेला असतो. त्याची धूळ फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत केंट या सिगारेटच्या गाळणीत १९५२ ते १९५६ या काळात निळे अ‍ॅस्बेस्टॉस वापरले गेले होते, आणि ती गाळणी आरोग्याचे रक्षण करणारी म्हणून विकली जात होती. ज्या वस्तूतून माणूस श्वास ओढणार आहे, तिच्यात तंतू किंवा भुकटी भरण्यापूर्वी हे उदाहरण प्रत्येक अभिकल्पकाने वाचलेले असावे असे मला कळकळीने वाटते.

पाण्यातून धूर काढला तर, हाही विचार आपल्या मनात असेल. ही कल्पना आपल्या प्रदेशाला नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने तंबाखू विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली, आणि धूर पाण्यातून ओढण्याची हुक्क्याची रीत हिंदुस्थानात दूरवर पसरली. पाण्यातून धूर थंड होतो, यात शंका नाही. पण ५ मिलिमीटरच्या बुडबुड्यात अडकलेला पाव मायक्रॉनचा कण, तो बुडबुडा पृष्ठभागावर येईपर्यंतच्या अंशभर सेकंदात, विसरणाने (आपोआप इतस्ततः हलत) जेमतेम दहाएक मायक्रॉन सरकतो, आणि पाण्याची भिंत तर त्याच्यापासून हजारो मायक्रॉन दूर असते. बुडबुड्यातील हवा घुसळली जाते म्हणून थोडे अधिक कण पाण्यात जातात, पण बहुसंख्य कण कोरडेच बाहेर पडतात, आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात नगण्य विरघळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार तासभर हुक्का ओढणारा माणूस एका सिगारेटच्या १०० ते २०० पट आकारमानाचा धूर आत घेऊ शकतो. महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे.

शंभर-दोनशे पटीच्या या आकड्यात एक सूचना दडलेली आहे, आणि आपल्या प्रकल्पाला ती थेट लागू होते. गरम, बोचरा धूर माणूस तोंडातच ठेवतो; थंड आणि मऊ धूर तो खोल ओढतो. ‘लाइट’ सिगारेटच्या बाबतीत हेच घडले : गाळणीला छिद्रे पाडून यंत्रावरील टारचा आकडा खाली आणला, पण माणसांनी झुरके मोठे आणि खोल केले, आणि आजार कमी झाले नाहीत. म्हणून वडिलांना हा पाइप देताना तो स्वच्छ आहे असे चुकूनही सांगू नये. ते धूर छातीत ओढत नसतील तर नव्या पाइपमुळे ती सवय लागण्याचा धोका आहे, आणि खोकला पाहता कदाचित ते आधीपासूनच ओढत असतील. वाटीतून थेट खोलीत जाणारा धूर तर आपल्या कोणत्याही दांडीतून जातच नाही. तो घरातील सर्वांच्या वाट्याला येतो.

जिभेच्या जळजळीबद्दल एक गोष्ट राहिली. बर्ली या तंबाखूच्या जातीप्रमाणे सावलीत, हवेवर वाळवलेल्या पानांचा धूर आम्लारिधर्मी (अल्कलाइन) असतो, आणि तो थंड असला तरी तोंडाच्या अस्तराला झोंबतो. त्याच गुणामुळे त्यातील निकोटिन छातीत न ओढताही तोंडातूनच रक्तात उतरते. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठावरील कर्करोगाची नोंद जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी १७९५ मध्येच केली होती. त्यामुळे वडिलांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ते भाजणे आहे असे गृहीत न धरता दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि खोकल्यासाठी फुप्फुसांची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासक्षमतेची चाचणी) करून घ्यावी. ही दोन्ही कामे पाइप पूर्ण होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात करावीत. ते सोडायला थोडेही तयार असतील तर निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करता येते, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर समुपदेशन विनामूल्य मिळते; पहिला फोन त्यांच्या शेजारी बसून आपणच लावलात तर त्यांना तो सोपा जाईल.